गेल्या वीस वर्षांत विद्यापीठातलं ऑनलाइन शिक्षण कसं बदललं? सगळ्यात मोठा बदल कोणता?

झूम आणि मीट, असं बहुतेक जण सांगतील. माझ्या मते हे साफ चूक आहे. सगळ्यात मोठा बदल म्हणजे रेकॉर्ड केलेला तास उतरवून (डाउनलोड करून) घेता यायला लागला, जवळ ठेवता यायला लागला. २०२० मध्ये आपण तोच बदल हातचा घालवला, आणि त्याबद्दल मला आजही राग आहे.

बेळगावात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय इथं, मच्छेजवळ. उपग्रहावरून शिकवायची चाचणी इन्सॅट-३बी वापरून ज्या तीन विद्यापीठांत घेतली, त्यात व्हीटीयू होतं. बाकीची दोन म्हणजे नाशिकचं मुक्त विद्यापीठ आणि भोपाळचं राजीव गांधी विद्यापीठ. मग २० सप्टेंबर २००४ ला खास शिक्षणासाठीचा उपग्रह एज्युसॅट सुटला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. कॉलेजच्या गच्चीवर डिश, खाली अंधाऱ्या हॉलमध्ये पडदा, आणि दूर कुठल्यातरी स्टुडिओतून नावाजलेले प्राध्यापक शिकवतायत. खानापूर-चंदगडकडून आलेल्या आमच्यासारख्या पोरांना त्याचं अप्रूप होतं आणि अभिमानही होता.

पण बेळगावचा जुलै! आमचे तास केयू बँडवर, म्हणजे जास्त वारंवारितेच्या लहरींवर, यायचे आणि मोठ्या पावसात तो सिग्नल दबतो, पाण्याचे थेंबच तो शोषून घेतात. चित्राचे आधी चौकोन पडायचे, मग आवाज तुटायचा, मग निळा पडदा. परत चित्र येईपर्यंत सर गणिताच्या शेवटच्या पायरीवर पोचलेले. तास ठरल्या वेळी लागायचा, चुकला की गेला.

खरी सुटका केली ती एनपीटीईएलने. आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीचं, व्याख्यानं रेकॉर्ड करून सगळ्यांना द्यायचं हे काम २००३ मध्ये सुरू झालं, पण आमच्या भागात ते इंटरनेटवरून आलं नाही, हार्ड डिस्कवरून आलं. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्ह, तिथून हॉस्टेलभर. मराठी माध्यमात दहावी झालेल्या पोराला आयआयटीच्या सरांचं इंग्रजी पहिल्या झटक्यात कळत नाही. मागे नेऊन तिसऱ्यांदा ऐकलं की कळतं. वर्गात तिसऱ्यांदा विचारायची आमची छाती नव्हती. कंट्रोल सिस्टीम्स हा विषय मी असाच, थांबवून थांबवून शिकलो. पुढे व्हीटीयूनेही व्याख्यानं वेबवर ठेवली, कॉलेजांत धडे ऑनलाइन ठेवायचं मूडल हे सॉफ्टवेअर आलं, २०१७ ला स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आलं. सगळ्यांची दिशा एकच होती: पोराने आपल्या सोयीने शिकावं.

मग लॉकडाऊन लागला आणि आपण सरळ उपग्रहाच्या त्या चुकला-की-गेला तासावर परत गेलो.

मी तोवर शिकवायला लागलो होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. आमच्या विभागप्रमुखांचा हुकूम आला: सगळे तास लाइव्ह, कॅमेरा चालू, हजेरी मीटच्या यादीतून. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या बाजूची एक मुलगी माझ्या वर्गात होती. घरात रेंज नाही म्हणून गावावरच्या माळावर जाऊन बसायची. भाऊ छत्री धरून उभा, मोबाइल दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, बोट पिशवीवरूनच फिरवायची. एकदा तासातच म्हणाली, "सर, आवाज येतोय, पण फळा दिसत नाय ओ." नंतर आवाजही गेला. हजेरीला ८५ टक्क्यांचा नियम, आणि यादीत तिचं नाव दहा मिनिटांपुरतं.

मी तासांचं फक्त ध्वनिमुद्रण आणि हाताने लिहिलेल्या पानांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकायला लागलो. चाळीस मिनिटांचा आवाज साधारण दहा एमबीत बसतो. लाइव्ह व्हिडिओला तासाला अर्धा जीबी सहज लागतो, आणि घराघरांत दिवसाचा दीड जीबीचा पॅक. चौथ्या तासाला मोबाइल गप्प. तिचा भाऊ रेंजमध्ये, जांबोटीला आला की सगळं उतरवून न्यायचा. तिने विचारलेल्या शंका मीटवर कॅमेरा लावून बसलेल्या शहरातल्या पोरांपेक्षा जास्त नेमक्या असायच्या.

मीटिंगमध्ये विभागप्रमुख म्हणाले, "लाइव्ह म्हणजे शिस्त. रेकॉर्डिंग द्याल तर कोण ऐकणार?" मी म्हणालो, "सर, जो माळावर पावसात बसतो त्याला शिस्त आपण शिकवायची?" त्यावर विषय बदलला. शेवटी तिची हजेरी भरून घेतली, पण अपवाद म्हणून. नियम तसाच राहिला.

विभागप्रमुख अजूनही कुणाकुणाला सांगतात म्हणे, की मी पोरांना सवलती देऊन बिघडवलं. म्हणून इथं स्पष्ट लिहितो: सवलत शिकवणाऱ्याला मिळत होती. लाइव्ह घेतलं की तयारी कमी लागते आणि घेतल्याचा पुरावा आपोआप तयार होतो. चांगलं रेकॉर्डिंग करायला मला दुप्पट वेळ लागायचा.

तुम्ही कॉलेजात नवीन असाल तर मूडल वापरा. त्याच्या मोबाइल ॲपमध्ये धडे उतरवून बिनरेंजचे वाचता येतात, पण हे किती प्राध्यापक पोरांना दाखवतात? २०२१ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) स्वयम् वरून घेता येतात, तिथंही हाच प्रश्न विचारा: घाटातल्या गावातून हे उतरवून घेता येतं का?

प्रॅक्टिकलला यातलं काहीच चालत नाही, लॅबमध्ये हात लावल्याशिवाय मशीन कळत नाही. आणि लाइव्ह अजिबात नको असंही नाही. आठवड्यातून एक तास फक्त शंकांसाठी ठेवा, फोनवरूनही चालतो. पण त्या तासाची हजेरी घेऊ नका.