मार लागलेला नसताना चार महिन्यांपासून खांदा दुखतो, एक्स-रे नॉर्मल आहे. आराम कसा मिळेल? (यंत्रमाग कामगार, वय ४८, सोलापूर)

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. सांध्याभोवतालचे आवरण आणि स्नायुबंध दिसत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखण्याला कारणच नाही, असा अर्थ होत नाही. कोपर अंगाला टेकवून हात सैल सोडा आणि घरातल्या कोणाला तरी तो हलकेच बाहेर वळवायला सांगा. त्यांनाही वळवता येत नसेल, तर खांदा आखडण्याची, म्हणजे फ्रोजन शोल्डरची, शक्यता अधिक असते. हा विकार ४० ते ६० वयात जास्त आढळतो आणि मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण बरेच अधिक असते, म्हणून आधी रक्तातील साखर तपासून घ्या.

गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने (तो सोलापुरात कोणाकडे नसतो!) दहा मिनिटे शेक द्या, मग दुसरा हात टेबलावर टेकवून कमरेत वाका आणि दुखरा हात लोंबता ठेवून लहान वर्तुळात फिरवा. मागावर खांद्याच्या वर हात नेण्याचे काम काही काळ टाळा, पण हात गळ्यात बांधून ठेवू नका, कारण त्याने खांदा अधिकच आखडतो. झटका देऊन 'नस बसवणाऱ्या'कडे तर मुळीच जाऊ नये. सिव्हिलच्या अस्थिरोग विभागात दाखवा. दुखणे मानेतूनही येत असू शकते, हे तिथे तपासता येईल. मात्र छातीत दडपण, घाम किंवा धाप यांसह खांदा दुखला, तर ओपीडीची वाट न पाहता तातडीने आपत्कालीन विभाग गाठा.