वाचक विचारतात : हरवलेल्या दहा टोळ्या आणि आपले शनवार तेली

प्रश्न : आमचं गाव अलिबागच्या बाजूला. आजी सांगायची की पूर्वी घाण्याचं तेल शनवार तेल्यांकडून यायचं, म्हणजे बेने इस्रायली लोकांकडून. परवा एका व्हिडिओत ऐकलं की हे लोक ज्यूंच्या हरवलेल्या दहा टोळ्यांपैकी आहेत. खरंय का? आणि अख्ख्या टोळ्या हरवतात कशा?
– एक वाचक, रायगड

उत्तर : हरवण्याचं आधी सांगतो. ज्यूंच्या मूळ बारा टोळ्या, त्यातल्या दहा उत्तरेकडच्या इस्रायलच्या राज्यात. इसवीसनपूर्व 722 च्या सुमारास असीरियाने ते राज्य जिंकलं, राजधानी समारिया पडली, आणि असीरियाची रीतच अशी की जिंकलेल्या मुलखातली माणसं उचलायची आणि लांब कुठेतरी नेऊन वसवायची, म्हणजे बंडाची भीती नको. बायबलमध्ये त्या जागांची नावंही आहेत, गोझान, हाबोर नदी वगैरे. तिथे नेलेली माणसं तिथल्याच लोकांत मिसळून गेली असणार, काही दक्षिणेला यहूदा या ज्यूंच्या दुसऱ्या राज्यात पळाली, काही तर जागची हललीच नाहीत. पण ह्या टोळ्या एक दिवस परत येणार असं धर्मग्रंथात म्हटलेलं, त्यामुळे त्या कुठेतरी असल्याच पाहिजेत ना! मग सांबात्योन नदीची गोष्ट आली, आठवड्याचे सहा दिवस ती दगडगोटे उधळत वाहते आणि फक्त शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या शनिवारी, शांत होते, आणि शब्बाथला प्रवास वर्ज्य, म्हणजे पलीकडच्या टोळ्या बसल्या अडकून. 1524 मध्ये तर डेव्हिड रेउवेनी नावाचा गृहस्थ रोमला जाऊन थेट पोपला भेटला, म्हणाला माझा भाऊ हरवलेल्या टोळ्यांवर राज्य करतो, तुर्कांशी लढायला आम्हाला शस्त्रं द्या. पोपने त्याला हाकलून नाही दिलं, पोर्तुगालच्या राजाला शिफारसपत्र दिलं.

आता आपले बेने इस्रायली. त्यांची स्वतःची कथा अशी की गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचून नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. (चौदा हा आकडा आणि समुद्रातून आलेली माणसं हे चित्पावनांच्या कथेतही आहे, आता कोणी कोणाकडून उचललं यावर कोकणात बसून वाद घालायला माझी हरकत नाही.) त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहिमकर हे येणं इसवीसनपूर्व 175 च्या आसपासचं धरतात, काहीजण दहा टोळ्यांशी जोडतात. हनुक्का हा सण त्यांच्या जुन्या सणांत नव्हता, तो इसवीसनपूर्व 164 नंतरचा, म्हणून ते आधीच निघाले असावेत हा युक्तिवाद मला विचार करण्यासारखा वाटतो, पण तो पुरावा नव्हे. 2016 च्या एका जनुकीय अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दोन्ही वारसा दिसला. म्हणजे ज्यू पूर्वज खरे. पण टोळी कुठली हे कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही, कारण तुलना करायला त्या टोळीचं कोणी आहे कुठे?

माझं विचाराल तर त्यांना टोळीच्या सर्टिफिकेटची गरजच नाही. ग्रंथ नाही, रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, हिब्रू विसरलेलं, तरी शनिवारी घाणा बंद, मुलाची आठव्या दिवशी सुंता, तोंडात ‘शेमा’ची प्रार्थना. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यूने म्हणे बायकांना मिश्र मासे रांधायला दिले, तर त्यांनी खवले आणि पर असलेलेच घेतले, बाकीचे बाजूला. कोकणात राहून कोलंबी, मुशी, खेकडे सोडायचे, तेही पिढ्यानपिढ्या! याहून मोठा पुरावा अजून काय हवा?

प्रश्न : मिझोराम-मणिपूरचे ज्यू आणि हे एकच का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नाही. ते बनेई मेनाशे, कुकी-मिझो समाजातले. त्यांच्या जुन्या गाण्यांत मनमासी नावाचा पूर्वज येतो, तो म्हणजे दहा टोळ्यांतल्या एकीचा मूळपुरुष मेनाशे असं ते मानतात, आणि 1951 मध्ये मिझोराममधल्या एकाला दृष्टान्त झाला की आपण इस्रायलचे. तोवर बहुतेक समाज ख्रिस्ती झालेला, बायबल हातात आलेलं, त्यामुळे ही ओळख किती जुनी आणि किती बायबल वाचून आलेली हे वेगळं काढणं कठीण. 2005 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी त्यांना मान्यता दिली, तरी रीतसर धर्मांतर करावंच लागतं. इथिओपियाच्या बेता इस्रायलांना 1973 मध्ये दान या हरवलेल्या टोळीचे वंशज ठरवलं, 1991 मध्ये दीड दिवसात चौदा हजारांवर लोक विमानांनी इस्रायलला नेले, पण त्यांच्याकडेही प्रतीकात्मक का होईना, धर्मांतर मागितलंच. आणि आपल्या बेने इस्रायलींचं काय झालं? 1962 मध्ये इस्रायलच्या धर्मपीठाने फर्मान काढलं की यांची लग्नं लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करा. दोन हजार वर्षं इथे कोणी विचारलं नाही आणि स्वतःच्या देशात जाऊन हे! लोक जेरुसलेममध्ये धरण्याला बसले, शेवटी 1964 मध्ये संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यूच.

प्रश्न : मलिदा नक्की काय असतो?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हा बेने इस्रायलींचा नैवेद्यासारखा प्रकार : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वरून फळं. लग्न, नवस, नवीन घर, काहीही असो, एलियाहू हनाबी म्हणजे बायबलमधला प्रेषित एलिया, त्याचं नाव घेऊन करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात, तिथेही मलिदा होतो. इस्रायलमध्ये गेलेली मंडळी अजून करतात, पोहे मात्र जाड घ्या, पातळ पोह्यांचा लगदा होतो.