वाचकांचे प्रश्न : पणजीच्या मृत्यूची तारीख कशी शोधायची?

प्रश्न : आमची पणजी १९७२ ते १९७६ च्या दरम्यान वडोदऱ्यात गेली. सवाष्ण गेली म्हणून तिचं श्राद्ध अविधवा नवमीला व्हायचं, एवढंच घरात ठाऊक आहे. वंशावळीसाठी नक्की तारीख हवी. नवमीवरून महापालिकेत नोंद सापडेल का? मृत्यूचं कारणही कळेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नवमी धरून शोधू नका. सवाष्ण गेलेल्या बाईची मृत्यूतिथी कोणतीही असो, पितृपक्षात तिचं श्राद्ध नवमीलाच करतात. तुम्हाला हवी ती वर्षश्राद्धाची तिथी. महिना आणि पक्ष तीच सांगते. ती कुलोपाध्यायांच्या वहीत, जुन्या पत्रांत किंवा तेराव्याचा खर्च मांडलेल्या हिशेबाच्या वहीत मिळू शकते.

वहीत संवत लिहिला असेल तर जपून. गुजरातेत विक्रम संवत कार्तिकात बदलतो, ग्वाल्हेर-इंदूरकडे चैत्रात. म्हणून ‘संवत २०३०, श्रावण शुद्ध’ हे गुजराती वहीत १९७४ साल होतं आणि ग्वाल्हेरच्या हिंदी कागदात १९७३. वद्य पक्ष असेल तर आणखी एक पेच : आपला भाद्रपद वद्य तिकडच्या हिंदी पंचांगात आश्विन कृष्ण असतो. साल ठरलं की त्या वर्षीच्या पंचांगावरून तारीख काढा आणि एक दिवस मागचा, एक पुढचा धरून ठेवा. तिथी आणि तारीख एकाच वेळी बदलत नाहीत.

आता नोंद. मृत्यू जिथे झाला त्या हद्दीच्या निबंधकाकडे (जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) ती असते, राहत्या गावी नव्हे. वडोदऱ्याजवळच्या पादरा गावचा माणूस वडोदऱ्याच्या सयाजी रुग्णालयात वारला तर नोंद वडोदऱ्यात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९, कलम १७ प्रमाणे कोणालाही नोंदवहीत शोध घ्यायला लावून मृत्यूचा दाखला मागता येतो. शोधाचं शुल्क पहिल्या वर्षाचं वेगळं, पुढच्या प्रत्येक वर्षाचं वेगळं, म्हणून आधी साल आवळून घ्या. अर्जात पणजीचं सासरचं पूर्ण नाव, पणजोबांचं नाव, अंदाजे वय, तेव्हाचा पत्ता आणि मृत्यूचं ठिकाण द्या. नावं गुजराती लिपीतही लिहा, जुन्या वह्या गुजरातीत असतात. डिसेंबरातला मृत्यू जानेवारीत नोंदवला गेला असेल, तर तो पुढच्या वर्षाच्या वहीत सापडतो. शोध फसतो तो बऱ्याचदा इथेच.

नोंद मिळाली नाही तर अनुपलब्धतेचा दाखला, म्हणजे नोंद सापडली नाही असं लेखी, मागा. मात्र तो त्या कार्यालयापुरता आणि तुम्ही मागितलेल्या वर्षांपुरताच असतो. त्यावरून मृत्यू नोंदवलाच नव्हता असं धरू नका. घर किंवा जमीन पणजीच्या नावावर असेल, तर वारस नोंदीचे कागदही पाहा. त्यांत मृत्यूची तारीख लिहिलेली असू शकते.

मृत्यूचं कारण मात्र दाखल्यात मिळणार नाही. ते उघड करायला कलम १७ नेच मनाई केली आहे. त्यासाठी घरात जपलेले दवाखान्याचे कागद धुंडाळा.