वाचकांचे प्रश्न : डुलणारा मनोरा

प्रश्न : सुट्टीत आलेल्या भाचीच्या आग्रहाखातर 'वर्ल्ड ऑफ गू' हा संगणकावरचा खेळ खेळायला घेतला. काळे चिकट गोळे एकमेकांना जोडून मनोरा किंवा पूल उभारायचा आणि उरलेले गोळे दूरच्या नळीपर्यंत पोहोचवायचे, एवढाच तो खेळ. त्यातली चित्रे पाहून मी थक्क झालो. परंतु माझे मनोरे निम्म्यावर जाताच लवंडतात आणि भाची मात्र सहज पुढे जाते. मी निवृत्त गणित-शिक्षक असल्याने थोडा खजीलही झालो आहे. या खेळातले भौतिकशास्त्र खरे आहे, की नुसती चित्रेच देखणी आहेत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नावातील शेवटच्या शब्दावर मराठी घरात जे हसू फुटते ते फुटू द्यावे, इंग्रजीत त्याचा अर्थ चिकट, ओघळणारा पदार्थ एवढाच आहे. भौतिकशास्त्र म्हणाल तर ते पुरेसे खरे आहे आणि ते चित्रातच लिहिलेले आहे. आपण चित्राचे कौतुक केलेत, पण ते वाचले नाहीत, अशी आमची शंका आहे.

दोन गोळ्यांना जोडणारी काडी संगणकाच्या हिशेबात ताठ गज नसून स्प्रिंगसारखी असते. ती ताणली की आखडू पाहते आणि दाबली की पसरू पाहते. म्हणून भार वाढला की सांगाडा आधी वाकतो, डुलू लागतो, आणि कोणती बाजू जड झाली आहे हे पडण्यापूर्वीच दिसते. खऱ्या लोखंडी पुलातला ताण डोळ्यांना दिसत नाही, तो आकडेमोड करून काढावा लागतो. येथे तोच ताण चित्राची शोभा होऊन समोर हलत असतो. साधा काळा गोळा सांगाड्यावर ठेवला की तो सहसा दोन गोळ्यांना काड्या टाकतो, त्यामुळे त्रिकोण आपोआप तयार होतात. परांची बांधणारे कारागीर तिरका बांबू का बांधतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्रिकोणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तरीही मनोरा लवंडतो, कारण पाया अरुंद राहतो, किंवा डुलत्या सांगाड्यावर तो ज्या बाजूला झुकला आहे त्याच बाजूला आपण पुढचा गोळा ठेवतो. झोका शमू द्यावा, नाहीतर विरुद्ध बाजूला भर घालावी. चूक झालीच तर हवेत भिरभिरणाऱ्या किड्यावर क्लिक करून एक चाल मागे घेता येते. मात्र गणित-शिक्षकाची खरी अडचण दुसरीच असावी. बांधकामात खर्ची पडलेला प्रत्येक गोळा नळीपर्यंत जाणाऱ्यांतून वजा होतो, म्हणून अतिभक्कम मनोरा येथे उधळपट्टी ठरतो. आपली भाची बहुधा कामापुरते, थोडे डगमगते बांधून मोकळी होते, आणि या खेळात तेच शहाणपण आहे.

हा खेळ अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका प्रयोगातून निघाला. तेथे प्रत्येक खेळ एकाच माणसाने आठवड्याच्या आत करायचा, असा नियम होता, आणि २००५मध्ये काइल गॅब्लर यांनी त्यात गोळ्यांच्या मनोऱ्याचा छोटा खेळ केला. पुढे रॉन कार्मेल यांच्यासह त्यांनी '२डी बॉय' या आपल्या कंपनीच्या नावाने तो वाढवून ऑक्टोबर २००८मध्ये बाजारात आणला. खेळाची कल्पना, चित्रे आणि संगीत, तिन्ही मुख्यतः गॅब्लर यांची. देखावा आणि नियम एकजीव वाटतात, त्याचे कारण आम्हाला हेच वाटते. अपवाद याच खेळातल्या चौथ्या प्रकरणाचा. तेथे सारे हिरवट आणि संगणकी होते, आणि टेकड्यांवर व वाऱ्यात जी गंमत येते ती आमच्या मते विरळ होते.

प्रश्न : इंग्रजी न येणाऱ्या मुलाला हा खेळ देता येईल का? याचा पुढचा भाग आहे का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : कोडी सोडवायला इंग्रजी लागत नाही. वाटेवरच्या पाट्यांमधील सूचना आणि खोचक विनोद मात्र कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवावेत. त्यावाचून कथेतली कंपन्यांवरची थट्टा कळणार नाही. दुसरा भाग २०२४मध्ये आला असून त्यात वाहत्या द्रवाची कोडी आहेत. पहिला भाग आधी खेळावा.