किसुमूला मिशनरी म्हणून सहकुटुंब जाताना: परमिट, ताप, पैसा आणि पहिलं वर्ष

सलाम. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अहिल्यानगरची मंडळी तुम्हाला तीन वर्षांसाठी केनियात, किसुमूजवळच्या एका अँग्लिकन पॅरिशमध्ये, पाळक-प्रशिक्षणाच्या कामाला पाठवते आहे. पत्नी नर्स आहेत, मुलं सहा आणि दहा वर्षांची. बरोबर काय न्यायचं, याची तुम्ही मोठी यादी मागितली आहे. सामानाची एवढी काळजी करू नका, तिथे जवळजवळ सगळं मिळतं. माणसं अडकतात ती परमिटवर, मलेरियावर आणि स्थानिक मंडळीशी बिनसलेल्या नात्यावर. म्हणून त्याबद्दलच लिहितो.

आधी परमिट. जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी, सुरू केला. तो दोन-चार दिवसांत मिळतो, त्यामुळे 'आधी पोहोचू, बाकीचं तिथे बघू' असा मोह होतो. ईटीए फक्त प्रवेशासाठी आहे. त्यावर शिकवणं, उपदेश करणं, दवाखान्यात बिनपगारी मदत करणं हे सगळं परवान्याविना केलेलं काम ठरतं. तुम्हाला लागतं ते 'क्लास आय' परमिट, म्हणजे मान्यताप्राप्त धार्मिक किंवा धर्मादाय कामाचं. त्याचा अर्ज यजमान चर्चच्या वतीने, ऑनलाइन जातो. यजमान चर्चच्या नोंदणीचा दाखला, त्यांचं पत्र, तुमच्या मंडळीचं पाठवणीचं पत्र, शैक्षणिक प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट सेवेतून मिळणारा पोलिसांचा दाखला एकत्र तयार ठेवा. निर्णयाला महिने लागतात, तेव्हा अर्ज भारतात असतानाच करायला लावा आणि मंजुरीचं पत्र हातात आल्यावर तिकीट काढा. मधला थोडा काळ काम करणं अगदीच भाग असेल तर 'स्पेशल पास' ही वेगळी सोय आहे. पोहोचल्यावर परमिटची पासपोर्टवर नोंद आणि परदेशी नागरिकाचं ओळखपत्र, ही दोन कामं लगेच उरका.

2023 मध्ये किलिफी काउंटीतल्या शाकाहोला जंगलात एका स्वयंघोषित पाळकाच्या अनुयायांचे 400 हून अधिक मृतदेह सापडले. तेव्हापासून धार्मिक संस्थांच्या कागदांकडे सरकार बारकाईने पाहतं. जुन्या लोकांचं 'आम्ही तर असंच गेलो होतो' आता उपयोगाचं नाही.

आपल्याकडच्या कुटुंबांचं हमखास अडतं ते नावांवर. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर आडनाव पहिल्या रकान्यात. लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले इंग्रजीत आणि पासपोर्टशी अक्षरशः जुळणारे हवेत, कारण पत्नी आणि मुलांचे डिपेंडंट पास त्यावरच निघतात. दुरुस्तीला महानगरपालिकेत किती वेळ जातो हे तुम्हाला सांगायला नको.

पत्नींबद्दल: डिपेंडंट पासवर त्यांना काम करता येत नाही, विनामूल्यसुद्धा नाही. मिशन हॉस्पिटलात काम करायचं तर नर्सिंग कौन्सिल ऑफ केनियाची नोंदणी आणि स्वतःचं वेगळं परमिट लागेल. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून जाणारी पडताळणी एका कौन्सिलकडून थेट दुसऱ्या कौन्सिलकडे जाते, तुम्ही हातात नेलेली प्रत चालत नाही. हे काम आजच सुरू करा. नाहीतर प्रशिक्षित नर्स वर्षभर घरी बसते आणि त्याचा ताण संसारावर येतो.

पैशांचं इथलं टोकही नीट बांधा. तुमची मंडळी ट्रस्ट असेल तर भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेला आयकराची सूट आपोआप मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. सीएला न विचारता पाळक पंचायतीने ठराव करून दरमहा पैसे पाठवले, तर प्रश्न ऑडिटच्या वेळी उभा राहतो. व्यक्तीने स्वतःच्या खात्यातून पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, तिथे अडचण नाही. शिवाय तुमचं इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं, करून घ्या. तिकडे रोजचा व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याच्या सेवेवर, चालतो, भाजीवाल्या बाईपासून शाळेच्या फीपर्यंत. सिम पासपोर्टवर स्वतःच्याच नावाने घ्या. 'चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा' असा फोन आला तर मेसेजवर विश्वास न ठेवता आधी शिल्लक तपासा. नव्या माणसाला हा फोन पहिल्या महिन्यातच येतो.

आता ताप. नैरोबी साधारण 1,700 मीटरवर आहे, तिथे मलेरियाचा धोका कमी. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराकाठी, 1,130 मीटरच्या आसपास, आणि तो पट्टा मलेरियाचाच. आपल्याकडे मलेरियाचा व्हायवॅक्स हा प्रकार बराच दिसतो. तिकडचा बहुतेक फाल्सिपेरम असतो. तो लहान मुलाला एक-दोन दिवसांत गंभीर करू शकतो आणि क्लोरोक्वीनला दाद देत नाही. म्हणून क्लोरोक्वीनच्या गोळ्या नेऊ नका. नियम एकच: ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, 'उद्या बघू' नाही. तपासणीत निघाला तर आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनचा पूर्ण कोर्स, बरं वाटलं तरी मध्येच न सोडता. डोस जेवणाबरोबर, निदान दुधाबरोबर घ्या. उपाशीपोटी ते औषध नीट शोषलं जात नाही. सुरुवातीच्या महिन्यांत प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही ते निघण्याआधी डॉक्टरांशी ठरवा. एक लक्षात ठेवा, डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, म्हणजे धाकट्यासाठी वेगळा पर्याय लागेल. औषध लावलेली मच्छरदाणी प्रत्येक खाटेला, पहिल्या रात्रीपासून. 1844 मध्ये मोंबासाला आलेले मिशनरी योहान क्राप्फ यांची पत्नी आणि नवजात मुलगी काही महिन्यांतच तापाने गेली. आज औषध आहे, पण ते वेळेवर पोटात गेलं तर.

सरोवरात पाय बुडवायचा नाही. काठच्या उथळ पाण्यात बिल्हार्झिया या कृमींच्या रोगाचे जंतू असतात आणि ते कातडीतून शिरतात. मुलांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवा. सुट्टीत भारतात परतताना ते नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आणि भारतात आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात 'केनियातून आलोय' असं सांगा.

स्वयंपाकाचं पटकन. वीज 240 व्होल्ट, मिक्सर चालतो, फक्त प्लग तीन चौकोनी पिनांचा. गॅस 6 आणि 13 किलोच्या सिलिंडरमध्ये येतो. कुकर मात्र इथून न्या, जादा रबर आणि शिट्टीसह. तूर, मूग, राजमा स्थानिकच पिकतात. 'विंबी' म्हणजे नाचणी, 'म्तामा' म्हणजे ज्वारी, त्यामुळे भाकरी बंद होत नाही. कोणाच्या घरी गेलात तर उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा (पालेभाजी) नाकारू नका, ओमेनाची सुकी मासळीही नाही.

भाषेत एक निवड करावी लागेल. इंग्रजीवर शहरात निभावतं, स्वाहिली देशभर चालते, पण किसुमूच्या खेड्यांत भक्ती धोलुओत, म्हणजे तिथल्या लुओ समाजाच्या भाषेत, होते आणि ती स्वाहिलीपेक्षा पूर्ण वेगळ्या कुळातली आहे. माझं मत: पहिले तीन महिने पूर्णवेळ स्वाहिली, काम शून्य, त्यानंतर धोलुओ. 'काम करता करता शिकू' म्हणणारे इंग्रजीतच राहतात. वेळेचा घोळ आधीच समजून घ्या: स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. 'सा न्ने' म्हणजे शब्दशः चौथा तास, म्हणजे सकाळचे दहा. भक्तीची वेळ विचारताना कोणत्या मोजणीने सांगताहेत ते पक्कं करा. पाहुण्याला भर भक्तीत उभं करून सलामीचे दोन शब्द बोलायला लावतात. 'ब्वाना असिफिवे' (प्रभूची स्तुती असो), नाव, 'तुनातोका इंडिया' (आम्ही भारतातून आलो), 'असांतेनी साना' (सर्वांचे खूप आभार) एवढं विमानातच पाठ करा.

आता नात्यांबद्दल, आणि हेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 2019 च्या जनगणनेत केनियाची 85 टक्क्यांहून अधिक लोकसंख्या ख्रिस्ती होती. तुम्ही सुवार्ता न पोहोचलेल्या प्रदेशात चाललेला नाहीत, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या चर्चच्या हाताखाली काम करायला चालला आहात. रस्त्यात मात्र कोणी तुम्हाला मिशनरी समजणार नाही. 1901 मध्ये रेल्वे किसुमूला पोहोचली, तिच्यामागून भारतीय दुकानदार आले, आणि 'मुहिंदी' म्हणजे पैसेवाला दुकानमालक ही समजूत तेव्हापासून घट्ट आहे. भारतीय माणूस ख्रिस्तीही असतो याचं अनेकांना नवल वाटेल. घरकामाच्या बाईशी आणि वॉचमनशी तुम्ही कसं बोलता, हे पहिल्या आठवड्यातच पॅरिशभर होतं.

हे नातं जुनं आहे, हे तिथे जरूर सांगा. नाशिकच्या शरणपूरला सुटका झालेल्या आफ्रिकन गुलामांना शिकवलं जाई. तिथे शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर 1864 पासून मोंबासाजवळ रबाईला काम करत होते. शरणपूर चालवणाऱ्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनीच 1875 मध्ये मोंबासाजवळ फ्रेअर टाउन ही सुटका झालेल्या गुलामांची वसाहत वसवली. जोन्स आणि सेमलर यांना पाळकीय दीक्षा मिळाली ती 1885 मध्ये, एकवीस वर्षांनी! बाहेरून आलेला मिशनरी स्थानिक कामकऱ्याला किती काळ हाताखाली ठेवतो, त्याचं हे उदाहरण पाळक-प्रशिक्षण देणाऱ्याने डोक्यात ठेवलेलं बरं.

व्यवहारात: पॅरिशच्या बँक खात्यावर सही करायला नकार द्या, कितीही प्रेमाने सांगितलं तरी. शाळेच्या फीसाठी, दवाखान्यासाठी लोक घरी येतील. वर्षाची रक्कम ठरवून ती पॅरिशच्या समितीमार्फतच द्या. थेट दिलेलं एक कर्ज दहा जणांना दारात आणतं आणि नाही म्हटलेले नऊ जण दुखावतात. हरांबेला, म्हणजे लोकवर्गणीच्या कार्यक्रमाला, मात्र जा, थोडी रक्कम सगळ्यांदेखत द्या. भक्तीनंतर अंडी, कोंबड्या, केळी यांचा लिलाव झाला तर बोली लावा. आपल्या उपकारस्तुतीच्या लिलावासारखंच असतं. अंत्यविधी चुकवू नका. लुओ समाजात दफन मूळ गावी होतं, लोक दिवसभर बसतात, आणि बसून राहिलेला माणूस त्यांच्या लक्षात राहतो.

मुलांच्या शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, सत्रं तीन. एप्रिलमध्ये इथली परीक्षा संपवून गेलात तर दुसऱ्या सत्रात प्रवेश मिळेल. शाळेशी आधी लिहून ठरवा आणि शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत न्या. मोठा परत येईल तेव्हा आठवीच्या आसपास असेल आणि मराठीचं वाचन सुटलेलं असेल. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत उतरवता येतात. निघण्याआधीच टॅबमध्ये भरून ठेवा, किसुमूत सत्र सुरू झाल्यावर कोणाला सवड होत नाही.