माझी गुडघ्याची गोळी त्यालाही दिली, तर काय बिघडलं?

मी समुपदेशक आहे, माणसांची. पण गेली काही वर्षं आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कोथरूडला एका प्राण्यांच्या दवाखान्यात बसते. आधी ज्यांचं कुत्रं नाहीतर मांजर गेलंय अशा लोकांशी बोलायला म्हणून सुरू केलं होतं, आता निम्मी माणसं वेगळंच काहीतरी घेऊन येतात, आणि त्यातला एक प्रश्न तर मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याने "मॅडम, एक विचारू का" म्हटलं की मला कळतंच. कुत्रं म्हातारं झालंय, सांधे धरलेत, डॉक्टरांनी रोजची पेनकिलर लिहून दिलीये, पण रोज दिली तर किडनी जाते म्हणतात, मग द्यायची का नाही?

याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं, पण दोन वाक्यांनी कुणाचं समाधान झालेलं मी तरी पाहिलं नाही, म्हणून बंड्याचं सांगते. काका-काकूंना विचारून सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. बंड्या हे नावसुद्धा खरं नाही, खरं नाव याहून पुणेरी आहे.

बंड्या म्हणजे ११ वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३८ किलो. एरंडवण्यात जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका बँकेतून रिटायर झालेले. दहा वर्षं रोज सकाळी दोघं हनुमान टेकडीवर, पाऊस असो की थंडी.

आधी काकू एकट्याच आल्या होत्या. म्हणाल्या, "हे रात्री झोपतच नाहीत हो, त्याच्याशेजारी सतरंजी टाकून बसून राहतात, काही विचारलं की खेकसतात. मला तर यांचीच काळजी वाटायला लागलीये." मलाही वाटलं की साधी गोष्ट आहे, लाडकं कुत्रं डोळ्यासमोर म्हातारं होतंय आणि काकांना ते सोसत नाहीये. पुढच्या वेळी तिघांना बोलावलं.

काका आले ते हाताची घडी घालूनच बसले. "माझं डोकं वगैरे काही फिरलेलं नाही, हिने उगाच आणलंय." बंड्या टेबलाखाली पसरला, म्हणजे पसरला कसला, आधी दोनदा गोल फिरला, मागचे पाय वाकवायला घाबरत घाबरत शेवटी धपकन पडला. मी काकांना काकांबद्दल काही विचारलंच नाही. म्हटलं मला बंड्याचा दिवस सांगा, सकाळी उठल्यापासून.

मग मात्र काका सुटले. उठताना पुढचे पाय रोवतो, मागचे टाइल्सवरून घसरतात, तीन-तीनदा प्रयत्न करतो, उभा राहिला की मिनिटभर तसाच. जिना उतरताना पहिल्या पायरीवर माझ्याकडे बघतो. जुन्या डिझेल गाडीसारखं आहे त्याचं, एकदा तापला की नीट चालतो, डिसेंबरात तर फारच आखडतो. "पण रडत नाही हो तो, एकदाही रडला नाही. मग मी त्याला पोळीतून..."

आणि गप्प.

काकू म्हणाल्या, "पोळीतून काय?"

"तूप."

इथे आमच्या कामातली एक गोष्ट सांगते. "तुम्ही घरातली काही गोळी दिली का?" असं सरळ विचारलं की दहातले नऊ जण नाही म्हणतात. खोटारडे नसतात हो, त्यांना आधीच कुठेतरी आत कळलेलं असतं की आपलं चुकलंय. म्हणून मी म्हणते, घरातलं काय काय करून बघितलं, सगळेच बघतात, मी पण बघितलं असतं. काकूंनी यादीच सुरू केली. हळद घातलेलं दूध, कोमट तेलाने मालिश, एकदा कंबरेला चोळायचं मलम, ते त्याने पाच मिनिटांत चाटून टाकलं. (हे मात्र करू नका, अशा मलमांत कापूर असतो, मिथाइल सॅलिसिलेट असतं, डायक्लोफेनॅकची जेल पण तसलीच, कुत्रं लावलेलं सगळं चाटतं म्हणजे ते पोटातच जातं.) काकूंची यादी संपली. मी काही बोलले नाही. बराच वेळ कुणीच बोललं नाही, बंड्या घोरायला लागला.

"अर्धी," काका म्हणाले. "माझी गुडघ्याची गोळी, अर्धी. रोज नाही... म्हणजे आधी रोज नव्हती."

शर्टच्या खिशातून स्ट्रिप काढली. ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५. आपल्याकडे गुडघेदुखीवाल्या निम्म्या घरांत जी असते तीच. हिशोब काढला तर सतरा दिवस झाले होते. आणि डॉक्टर मॅडमनी बंड्यासाठी लिहून दिलेली गोळी, ती? ती दोन दिवस दिली आणि बंद केली, कारण खालच्या मजल्यावरच्यांनी सांगितलं की असल्या गोळ्यांनी त्यांच्या कुत्र्याची किडनी गेली. "ही मी नऊ वर्षं खातोय, मला काय झालंय? त्याचाही गुडघा, माझाही गुडघा!" प्रेमातनंच आलेलं लॉजिक, मी हसू शकले नाही.

मी विचारलं, शी कशी होतेय? काका म्हणाले तीन दिवस काळी आहे, डांबरासारखी चिकट, त्यांना वाटलं नव्या टॉनिकमुळे असेल. मी तिथेच थांबले आणि स्ट्रिप घेऊन तिघांना पलीकडच्या खोलीत डॉक्टर मॅडमकडे नेलं. काळी डांबरासारखी शी म्हणजे पोटात किंवा आतड्यात वरच्या बाजूला रक्त जातंय, इतकं मला इथे बसून बसून पाठ झालंय, आणि त्यावर समुपदेशन करत बसायचं नसतं.

मॅडमनी आधी हिरड्या बघितल्या, फिकट होत्या. रक्त घेतलं. काका तेवढ्यातही वाद घालायला तयार, अस्सल पुणेकर. "एवढी वाईट असेल तर सरकार बंदी का घालत नाही?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, घातलीये की. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली आणि ॲसिक्लोफेनॅक, केटोप्रोफेनवर २०२३ मध्ये. पण ती कुत्र्यांसाठी नाही, गिधाडांसाठी. औषध टोचलेली गुरं मेली की ती खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मरत होती, आणि ॲसिक्लोफेनॅकचं गाईम्हशींच्या अंगात डायक्लोफेनॅकच होतं. काका गप्प झाले. बहुतेक गिधाडांचं पटलं त्यांना.

मग मॅडमनी जे समजावलं ते मी आता सगळ्यांना सांगते. ही वेदनाशामकं ज्या रसायनाला अडवतात ते फक्त सूज आणि दुखणंच आणत नाही, पोटाचं अस्तर सांभाळायचं आणि किडनीकडचा रक्तपुरवठा नीट ठेवायचं कामही तेच करतं. म्हणजे धोका खोटा नाही, खालच्या मजल्यावरचे अगदीच काही बाही बोलले नव्हते. प्रश्न असतो तो औषध कुठलं, किती आणि कुणाच्या अंगात किती वेळ राहतं याचा. नॅप्रॉक्सेन, ही पण माणसांची पेनकिलरच, माणसाच्या अंगातून साधारण अर्ध्या दिवसात निम्मं कमी होतं, कुत्र्याच्या अंगात त्याला तीन दिवस लागतात, म्हणजे रोज एक दिली की आत ढीगच साठत जातो. आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतात, जास्त गेलं तर किडनी. पॅरासिटामॉल डोस चुकला की लिव्हरवर जातं, आणि घरात मांजर असेल तर त्याला एक गोळीसुद्धा जीवघेणी. मेलोक्सिकॅम कुत्र्यांनाही देतात आणि माणसांनाही, म्हणून लोकांना वाटतं आपलीच द्यावी. पण कुत्र्याचा रोजचा हिशोब किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे बंड्याला ४ सुद्धा नाही, आणि माणसाची गोळी साडेसातची नाहीतर १५ ची. अख्खी दिली तर साधारण दुप्पट नाहीतर चौपट जाते, आणि अंदाजाने मोडून द्यायचं हे औषध नाही.

आणि मुळात काका म्हणत होते ते "एकदाही रडला नाही", ते तर मी रोज ऐकते. सांधे दुखणारं कुत्रं क्वचितच रडतं. ते सोफ्यावर चढणं सोडतं, मागे रेंगाळतं, सांधा चाटत बसतं, रात्री जागा बदलत राहतं, हात लावला की गुरगुरतं, आणि आपण म्हणतो म्हातारा झालाय, स्वभाव बदलला. दुखतंय म्हणून हलत नाही, हलत नाही म्हणून मांड्या झिजतात आणि वजन वाढतं, मग सांध्यावर अजून भार. गोळीच्या भीतीने काहीच न देणं हा सुरक्षित पर्याय वाटतो, पण तो नसतो.

मग किडनीचं काय? तर कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब, मेलोक्सिकॅम ही कुत्र्यांसाठी तपासलेली औषधं आहेत. सुरू करायच्या आधी रक्ताची तपासणी, लिव्हर आणि किडनी दोन्ही, मग दोन ते चार आठवड्यांनी परत आणि पुढे साधारण दर सहा महिन्यांनी. रिकाम्या पोटी द्यायची नाहीत. पाणी कायम भरलेलं. या जातीची दोन औषधं एकत्र कधीच नाहीत आणि स्टेरॉइडबरोबर तर नाहीच, एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये किती दिवस मोकळे ठेवायचे ते डॉक्टर सांगतील. उलटी, जुलाब, काळी शी, खाणं बंद, अचानक जास्त पाणी पिणं, यातलं काहीही दिसलं की गोळी थांबवायची आणि फोन करायचा, उद्यापर्यंत बघू म्हणायचं नाही. आणि घरात पूर्वी काय दिलंय ते सांगायचं. काकांनी ती पोळी लपवली असती आणि त्यावर बंड्याची खरी गोळी परत सुरू झाली असती तर काय झालं असतं, ते मॅडमनी बोलून नाही दाखवलं, नुसतं काकांकडे बघितलं.

बंड्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीये ते सांगणारा रक्तातला आकडा, नशिबाने ठीक निघालं, हिमोग्लोबिन उतरलं होतं. पोटाच्या अस्तरासाठी औषधं, आणि तोवर दुखण्यासाठी गॅबापेंटिन, ते वेगळ्या पद्धतीने काम करतं. त्याने थोडी झापड येते, पाय लडबडतात, आणि ते मनाने एकदम बंद करायचं नसतं. (गॅबापेंटिनची माणसांची पातळ औषधं काही ठिकाणी झायलिटॉल घालून गोड केलेली असतात, ते कुत्र्याला विष आहे. म्हणून तिथेही केमिस्टकडून आपल्या मनाने काही आणू नका.) पोट पूर्ण बरं झाल्यावर आणि रक्त परत तपासल्यावर मॅडमनी कुत्र्यांची वेदनाशामक गोळी कमीत कमी डोसने सुरू केली.

त्या संध्याकाळी मॅडमकडून बाहेर आल्यावर काका जिन्यात बसले आणि म्हणाले, "म्हणजे सतरा दिवस मीच मारत होतो त्याला." अशा वेळी "तुमची काही चूक नाही हो" म्हणायचा फार मोह होतो. मी नाही म्हणाले, कारण काकांनी ते एका सेकंदात खोडून काढलं असतं. म्हटलं, चूक झाली काका. आणि आज तुम्हीच सांगितलीत, म्हणून तो घरी चाललाय. रात्री झोप का येत नव्हती तेही कळलं. काकूंना वाटत होतं म्हातारपणाचं दुःख आहे, ते होतं त्या लपवलेल्या पोळीचं ओझं. काकू काहीच बोलल्या नाहीत, फक्त पर्समधून पाण्याची बाटली काढून पुढे केली.

बाकी घरातलं काम काकूंनी हातात घेतलं आणि खरं सांगायचं तर गोळीइतकाच फरक त्याने पडला असं माझं मत आहे. हॉलपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत योगा मॅट कापून टाकल्या, जुन्या दोन गोधड्यांची जाड घडी करून अंथरूण, पंजातले केस आणि नखं कापली. टेकडी बंद, त्याऐवजी गल्लीतच दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, जिन्यात पोटाखालून जुन्या टॉवेलचा आधार. वजनावरून मात्र घरात भांडण झालं. जाड कुत्र्यांवरच्या एका अभ्यासात वजन साधारण ६ टक्के उतरल्यावरच लंगडणं कमी झालेलं दिसलं होतं, म्हणजे बंड्याचे सव्वादोन-अडीच किलो. आणि ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर सांभाळून केलेला एक जुना अभ्यास आहे, त्यात ज्यांना पाव हिस्सा कमी खायला दिलं ते जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा धरले. हे ऐकल्यावर काकूंनी चहाबरोबरची दोन मारी बिस्किटं आणि रविवारची बाकरवडी बंद केली. बंड्याची. काका म्हणाले, मग मीही नाही खाणार.

निघताना मॅडमनी सहज विचारलं होतं, "काका, तुमचं क्रिएटिनिन शेवटचं कधी केलंत?" नऊ वर्षांत एकदाही नाही.

परवा काकूंनी फोनवर फोटो पाठवला, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाचा. बंड्या सकाळी पहिल्या झटक्यात उठला की त्या तारखेवर बरोबरची खूण, नाही उठला की फुली. जानेवारीत फुल्याच जास्त, मार्चमध्ये चार. एका चौकोनात बारीक अक्षरात लिहिलंय, "बंड्या रक्त, सकाळी ९" आणि त्याच्याखाली, "हे पण."