फुटबॉल खरंच बोअर आहे का?

प्रश्न: क्रिकेट, कबड्डीत सारखं काहीतरी घडत असतं, फुटबॉलमधे 90 मिनिटं बसून पण कधीकधी 0-0. लोकांना त्यात एवढं काय आवडतं?

उत्तर: गोल कमी होतात हे खरंय, पण थरार त्यातूनच येतो ना! कबड्डीत गेलेला पॉइंट पुढच्या रेडला भरून निघतो, इथे एका गोलवर अख्खी मॅच फिरते. 2022 ची वर्ल्डकप फायनल घ्या, अर्जेंटिना 2-0 ने पुढे, फ्रान्स जवळजवळ 80 मिनिटं थंड आणि मग त्यांच्या एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल ठोकले, एक्स्ट्रा टाइममधे 3-3 आणि शेवटी पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली. रटाळ मॅचेस असतातच, एखादी टीम सगळे जण डिफेन्सला लावून बसली की मलाही राग येतो. पण नुसता बॉल बघू नका हो, बॉल नसलेले प्लेयर कुठे पळतायत, डिफेंडरला ओढून जागा कशी मोकळी करतायत ते बघा, खरी मजा तिथे आहे. आणि जमलं तर कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमची मॅच बघाच, पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असेल तर जागा धरायला लवकर जा!